धानाचा रुपेरी पोंगा

श्रावणाच्या सुमारास भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या मुलुखात बांधीत उतरून पाहिले, तर हिरव्या चुडात मधूनच एखादा रुपेरी पोंगा उभा दिसतो. कांद्याच्या पातीसारखा गोल आणि आतून पोकळ. दिसावयास देखणा, पण या फुटव्याला लोंबी कधीच यावयाची नाही. हे काम गादमाशीचे.

माशी म्हणजे डासाएवढा, तीनएक मिलिमीटरचा जीव. ती स्वतः पान कुरतडत नाही; पानावर अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. अंड्यातून निघालेल्या अळीला पाय नसतात. दवाच्या किंवा पावसाच्या ओलीवरून सरकत ती पानाच्या वेष्टणाआडून खाली कोंबापर्यंत जाते. ओल नसेल तर वाटेतच सुकते. म्हणून ढगाळ, रिमझिम दिवस तिला मानवतात.

पुढचा प्रकार खरा नवलाचा. अळी कोंबाशी तोंड लावते आणि तिच्या लाळेने कोंबाची वाढच वळण बदलते. नवी पाने निघणे थांबते. पानाचे वेष्टण मात्र नळीसारखे लांबत जाते. भिंती रोपाच्या, अन्न रोपाचे, राहणार अळी! घरमालकाकडूनच घर बांधून घेणारा असा भाडेकरू आम्हांला शहरातही आढळलेला नाही. आंब्याच्या पानांवर मुरमांसारख्या गाठी येतात, त्यांतल्या पुष्कळशा याच कुळातील माश्यांच्या. पण तेथे पान निदान पान राहते.

कोशावस्थेत हा जीव नळीतून वर चढतो, अंगावरच्या काट्यांनी शेंड्याजवळ भोक पाडतो आणि माशी होऊन उडून जातो. रिकामी साल भोकातच लटकते. पोंगा आपल्या नजरेस पडतो तो बहुधा याच सुमारास. तेव्हा औषध मारून तो फुटवा वाचत नाही. रोप नुकसान भरून काढण्यासाठी नवे फुटवे फोडते, आणि पुढच्या पिढीला तेच कोवळे कोंब मिळतात. लोंबी पोटात धरली की मात्र अळीची मात्रा चालत नाही. वेळेवर रोवणी केलेल्या धानाला त्रास कमी होतो, तो यामुळे.

प्रतिकारक वाणांचा उपयोग आहेच. परंतु भारतात या माशीचे 7 जैवप्रकार नोंदलेले आहेत, आणि एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडतो. बांधीतच राहणारा एक मदतनीसही आहे. अगदी बारीक, काळी परजीवी माशी गादमाशीच्या अंड्यातच आपली अंडी घालते. पुढे मेलेल्या एका अळीतून अशा कित्येक माश्या निघतात. उशिरा मारलेल्या औषधाने मरतात त्या याच.