छोटी मोटार घ्यायची : डिझेलची की पेट्रोलची?



खोडकिडा आणि तुडतुडे यांवर बोलणाऱ्या माणसाने मोटारगाडीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण अलीकडे धानाचा चुकारा खात्यात जमा झाला की आमच्या गोंडपिपरी तालुक्यातले कास्तकार मला बांधावर थांबवून जो प्रश्न विचारतात तो किडीचा नसतो. "साहेब, लहान गाडी घ्याची म्हनतो. डिझेलची घेऊ का पेट्रोलची?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात. "ट्रॅक्टरासाठी डिझेल तं घरी येतेच. मंग गाडीबी डिझेलचीच बरी ना?"

वरवर पाहता बोलणे बिनतोड आहे. पण याच एका वाक्याच्या भरवशावर हात पोळून घेतलेली घरे मी पाहिली आहेत. त्यातल्या एका घराची हकीकत आधी सांगतो.

धाब्याकडच्या एका गावातले हे कुटुंब. धान, थोडा कापूस, घरचा ट्रॅक्टर, माणसे कष्टाळू. एका दलालाने त्यांना दहा वर्षे वापरलेली डिझेल गाडी दाखवली. रंग चकचकीत, किंमत नव्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी. बँकेत जायला नको, हप्ता नको, म्हणून साऱ्या घराने होकार दिला. पहिला उन्हाळा छान गेला. लग्ने झाली, देवदर्शने झाली. मग पाऊस लागला, रोवणी आली, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली ती थेट धान निसवेपर्यंत. मधूनमधून मुलगा तिच्यात ट्रॅक्टरच्या कॅनमधले डिझेल ओतून ठेवी. पुढे एका रात्री सुनेला कळा सुरू झाल्या. गाडी घरघरली, पांढरा धूर ओकली आणि गप्प झाली. १०८ ची गाडी वेळेवर आली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मोटार मात्र दुसऱ्या दिवशी ट्रकवर घालून चंद्रपूरला न्यावी लागली. डिझेलमध्ये पाणी होते, नोझल खराब झाले होते, पंपही गेला होता. बिल पाहून घरधनी गप्प बसले. सासूबाई मला म्हणाल्या, "साहेब, किलोमीटरमागं रुपया वाचला म्हनत होते. गाडीच उभी राह्यली तं रुपया वाचला कोठी?"

डिझेल स्वस्त पडते ही समजूत आपल्या मनात कशी रुजली तेही पाहण्यासारखे आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली ती पेट्रोलची. डिझेल म्हणजे ट्रक, बस आणि ट्रॅक्टर असेच तेव्हा समीकरण होते. १९९८ च्या अखेरीस टाटांनी पुण्याजवळ पिंपरीत तयार झालेली इंडिका आणली आणि डिझेलची छोटी गाडी सामान्य घराच्या आवाक्यात आली. डिझेलचा भाव त्या काळी सरकार ठरवत असे आणि शेतकरी व वाहतूकदारांसाठी तो मुद्दाम खाली ठेवलेला असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा सोडला, डिझेलचा तसाच राहिला. अंतर एवढे वाढले की मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ च्या आत होते. लिटरमागे बत्तीस रुपये! त्या दिवसांत ज्याने डिझेल गाडी घेतली त्याने शहाणपणच केले. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचाही भाव मोकळा झाला आणि ते दिवस गेले. आता अंतर तेरा-चौदा रुपयांच्या आसपास असते. भाव बदलले, आपली समजूत मात्र २०१२ सालातच अडकून पडली.

दुसरा बदल इंजिनात झाला. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत डिझेल पडताच पेट घेते. हा दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिन दणकट, जड आणि महाग. इथवर ट्रॅक्टर आणि मोटार सारखेच. पण जुना ट्रॅक्टर हा आपल्या बैलासारखा आहे. थोडे बरेवाईट पोटात गेले तरी पचवतो, आणि गावातला मिस्त्री पाना घेऊन त्याचा पंप खोलू शकतो. मोटारीतल्या नव्या डिझेल इंजिनात इंधन प्रचंड दाबाने, केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते आणि सारा कारभार संगणकाच्या हाती असतो. तिथे पाण्याचा थेंब किंवा कॅनच्या तळाची माती चालत नाही. फवारणी पंपाचे नोझल गढूळ पाण्याने कसे बुजते हे आपल्याला माहीत आहे. तेच इथे होते, फरक एवढाच की हे नोझल पिनेने साफ होत नाही.

त्यातच १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला. त्यानुसार डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आली. ही काजळी जळून जायची तर गाडी अधूनमधून वीसेक मिनिटे सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. घरून गोंडपिपरीचा बाजार आणि बाजारातून घर, एवढेच जिचे जाणे-येणे आहे तिची जाळी भरत जाते आणि समोर दिवा लागतो. हा सारा खर्च छोट्या गाडीला पेलवेना, म्हणून मारुतीने त्याच वर्षी डिझेल गाड्या बनवणे थांबवले. आज नवी छोटी गाडी घ्यायला जाल तर बहुतेक पेट्रोलच्याच दिसतील. म्हणजे आपल्यापुढचा खरा प्रश्न बहुतेक वेळा नवी पेट्रोल गाडी की जुनी डिझेल गाडी, असा असतो.

आता हिशेब करू. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये धरा. तुमच्या पंपावर जो भाव असेल तो घाला. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर गेली तर किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे पडतात. डिझेलची २२ गेली तर ४ रुपये १८ पैसे. बचत किलोमीटरमागे १ रुपया ६५ पैसे. दिसायला बरी आहे.

पण नवी डिझेल गाडी तशाच पेट्रोल गाडीहून लाखभर रुपयांनी महाग असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी दोन्हींना सारखाच, १८ टक्के झाला आहे. आपल्या राज्याचा एकरकमी वाहनकर मात्र दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८ हजार, नऊ लाखांच्या डिझेल गाडीला १ लाख १७ हजार. किंमत आणि कर मिळून डिझेलपायी १ लाख २९ हजार जास्त गेले. ते १ रुपया ६५ पैशांनी भरून काढायला ७८ हजार किलोमीटर धावावे लागते.

आपली गाडी वर्षाला धावते किती? आठवड्याच्या बाजाराचे वीस किलोमीटर धरले तर वर्षाचे हजार. चंद्रपूर इथून पन्नासएक किलोमीटर, महिन्यातून दोन फेऱ्या म्हणजे चोवीसशे. दवाखान्यासाठी वा मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरच्या चार फेऱ्या, त्याचे सोळाशे. लग्नकार्याचे आणखी हजार. सारे मिळून सहा हजार. म्हणजे तेरा वर्षांनी डिझेल गाडी पहिला रुपया वाचवू लागेल! यात कर्जाचे व्याज धरलेले नाही.

म्हणून कास्तकार मला प्रश्न विचारतो तेव्हा मी एवढेच विचारतो, वर्षाला किलोमीटर किती? जो गोंडपिपरीहून रोज चंद्रपूरला नोकरीला जातो त्याचे वर्षाचे पंचवीस हजारांवर होतात. त्याने डिझेल जरूर घ्यावी. त्याचे पैसे तीन-साडेतीन वर्षांत वसूल होतील आणि रोज लांब पळणाऱ्या इंजिनाची तब्येतही चांगली राहते. बाकीच्यांनी पेट्रोलची घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पेट्रोल इंजिन गार सकाळी लवकर सुरू होते, त्याची दुरुस्ती हलकी असते आणि ती करणारा माणूस जवळ सापडतो. जंगलातल्या रस्त्यावर, कोठारीच्या आसपास रात्री गाडी बंद पडली तर खाली उतरणेही धोक्याचे. तिथे दीड रुपयाची बचत कोणाच्या कामाची? सीएनजी स्वस्त पडते हे खरे, पण पंप आपल्या नेहमीच्या वाटेवर असेल तरच तिचा विचार करावा.

इतके ऐकूनही जुनी डिझेलच घ्यायची असेल तर निदान डोळे उघडे ठेवा. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे आणि पिस्टनकडे किंवा टर्बोकडे मोठे काम निघणार. पांढरा धूर थांबेना तर नोझल तपासायला हवे. मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. क्लच-ब्रेकच्या पायट्या गुळगुळीत झाल्या असतील आणि मीटर चाळीस हजार दाखवत असेल तर पायट्या खरे बोलतात. जुन्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो यांत फियाटचे १२४८ सीसीचे एकच डिझेल इंजिन आहे. ते अनेक गाड्यांत असल्यामुळे त्याचे सामान मिळायला तुलनेने सोपे.

कागदांच्या बाबतीत तर अधिक सावध राहा. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधने आली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत उतरू लागल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हे दोन्ही मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी पाहा. गाडीवर बँकेचा बोजा शिल्लक नाही ना, हे आरसी पुस्तकावरून तपासा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची पुन्हा तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून बारा वर्षांची गाडी घेणे म्हणजे तीन वर्षांसाठी घेणे, असेच समजून भाव करा.

पेट्रोल गाडी घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (त्यातले काही तांदळापासूनही बनते, म्हणजे आपलेच धान टाकीत फिरून आले म्हणा). त्यामुळे गाडी थोडी कमी धावते. एप्रिल २०२३ च्या आधीची जुनी पेट्रोल गाडी घेत असाल तर तिला हे पेट्रोल चालते की नाही, तिच्या पुस्तिकेत पाहा. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने गाडी उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा. पेट्रोल घरात कॅनमध्ये साठवून ठेवू नका, चुलीच्या घरात तर मुळीच नाही.

आणि धानाच्या पोत्यांजवळ गाडी उभी करू नका. आपल्याकडे उभ्या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू उंदीर आहे. इंजिनाच्या उबेला तो आत शिरतो आणि वायरी कुरतडतो, मग गाडी पेट्रोलची असो की डिझेलची. पोत्यांसाठी जी विषारी आमिषे आपण वापरतो ती गाडीखाली ठेवू नयेत. मेलेला उंदीर इंजिनात अडकला तर आठवडाभर गाडीत बसवत नाही. पिंजरा लावावा, आणि रात्री थोडा वेळ बॉनेट उघडे ठेवावे म्हणजे ऊबही राहत नाही, आडोसाही राहत नाही.