गाठीचा तुकडा आणि त्यातल्या खुणा

गाठ साधी आहे की कर्करोगाची, आणि कर्करोगाची असेल तर कोणत्या जातीची, या दोन प्रश्नांची उत्तरे आजही गाठीच्या तुकड्यातूनच मिळतात. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, पेट स्कॅन या तपासण्या गाठ कुठे आहे, केवढी आहे आणि कुठवर पसरली आहे ते दाखवतात. ती कशाची आहे याचा त्या अंदाज देतात. शिक्कामोर्तब होते ते पॅथॉलॉजिस्टच्या अहवालाने. या अहवालात गेल्या पाचेक दशकांत मोठी भर पडली आहे. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते एवढ्यावर न थांबता तिच्यात कोणती प्रथिने आहेत आणि तिच्या जनुकांत कोणता बिघाड झाला आहे, हेही आता तपासता येते. या प्रथिनांना आणि बिघाडांना मार्कर, म्हणजेच खुणा, म्हणतात.

खानदेशात तुकडा तपासण्याची पहिली पायरी जिल्ह्यातच पार पडते. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दोन्ही शहरांतली खासगी वैद्यकीय महाविद्यालये यांचे पॅथॉलॉजी विभाग आहेत. शिवाय खासगी लॅब आहेत. खास खुणांच्या तपासणीसाठी मात्र तुकड्याचा मेणाचा ब्लॉक पुष्कळदा नाशिक, पुणे किंवा मुंबईला पाठवला जातो. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर. तिथल्या यंत्रातून काय बाहेर पडेल, हे बऱ्याच अंशी तुकडा काढल्यानंतरच्या पहिल्या तासात जळगाव-धुळ्याच्या शस्त्रक्रियागृहातच ठरलेले असते.

पहिला तास

बारीक सुईने पेशी ओढून करायची तपासणी, म्हणजे एफएनएसी, झटपट होते आणि स्वस्त पडते. पण तिच्यात सुट्या पेशी हाती लागतात, त्यांची मूळ रचना दिसत नाही. खुणा तपासायच्या असतील तर जाड सुईने काढलेला तुकडा, म्हणजे कोअर बायॉप्सी, अधिक उपयोगी पडतो.

शरीरातून बाहेर आलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पेशींतली पाचक द्रव्ये पेशींनाच विरघळवू लागतात. मे महिन्यात जळगावचा पारा 44 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. ती थांबवण्यासाठी तुकडा 10 टक्के बफर फॉर्मालिनमध्ये ठेवतात. स्तनाच्या गाठीबाबत आंतरराष्ट्रीय दंडक असा की तुकडा एका तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये पडावा आणि त्यात किमान 6, जास्तीत जास्त 72 तास राहावा. फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट हवे. ते ऊतीत फार सावकाश, तासाला साधारण एक मिलिमीटर, मुरते. म्हणून काढलेला अख्खा स्तन नुसता बरणीत बुडवून चालत नाही. त्याचे काप घ्यावे लागतात; नाहीतर बाहेरून तो पक्का दिसतो आणि आतली गाठ मात्र सडते.

तुकडा सलाईनमध्ये पाठवला, लहान तोंडाच्या बाटलीत कोंबला किंवा रात्रभर तसाच राहिला, तर पेशींतली प्रथिने नष्ट होतात. मग असलेली खूणही 'नाही' अशी वाचली जाते. हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले तर डीएनए तुटतो आणि जनुकांची तपासणी जवळजवळ अशक्य होते.

लॅबमध्ये तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढून त्याजागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. तयार होतो तो ब्लॉक. मायक्रोटोम यंत्रावर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे रंग दिले की पेशींची केंद्रके निळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. बहुसंख्य गाठींचे निदान या दोन रंगांवरच होते. उरलेला मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढे कधीही त्याचे नवे काप घेता येतात.

रंगापासून खुणेपर्यंत

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते, घट्ट धोतराच्या काचाने कमरेवर होणारा त्वचेचा कर्करोग असे इथले प्रश्न त्यांनी तुकड्यांच्या अभ्यासातून मांडले. त्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली.

टाटा रुग्णालय उघडले त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी चकाकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीने ऊतीतला ठरावीक पदार्थ हुडकण्याची रीत दाखवली. 1975 मध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तितक्या बनवण्याची पद्धत शोधली. 1984 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन शोधांच्या पायावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अहवालात 'आयएचसी' म्हणून लिहिलेली तपासणी, उभी आहे.

आयएचसीत कापावर एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. ते प्रथिन पेशीत असेल तर ती तिथे अडकते, नसेल तर धुऊन जाते. अडकलेल्या जागी रसायनाने तपकिरी रंग उमटवतात. प्रत्येक वेळी ज्यात ते प्रथिन नक्की आहे अशा दुसऱ्या ऊतीचा काप सोबत रंगवतात. त्यावर रंग आला नाही, तर चूक रसायनात आहे असे समजून तपासणी पुन्हा करतात.

खुणा काय सांगतात

पहिला प्रश्न पेशींच्या कुळाचा. मानेत गाठ घेऊन आलेल्या रुग्णात ती क्षयाची, लिम्फोमाची किंवा दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाची असू शकते. क्षय बहुतेक वेळा साध्या रंगांत आणि जंतूंच्या तपासणीत कळतो. पण नुसत्या गोल, गडद पेशी दिसल्या आणि त्या कुठल्या हे ओळखू येईना, तर सायटोकेराटिन ही खूण आवरण-ऊतीच्या कर्करोगाकडे बोट दाखवते, सीडी45 लिम्फोमाकडे आणि एस-100 मेलानोमाकडे. या तिघांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. लहान मुलांच्या गाठींत हा पेच वारंवार पडतो, कारण त्यांतल्या कितीतरी गाठींच्या पेशी सारख्याच दिसतात.

दुसरा प्रश्न उगमाचा. यकृतात गाठी दिसतात, पण मूळ कुठे ते कळत नाही. अशा वेळी सायटोकेराटिन 7 आणि 20 ही जोडी, फुप्फुसासाठी टीटीएफ-1, प्रोस्टेटसाठी पीएसए अशा खुणांवरून मूळ अवयवाचा माग लागतो. कुठलीही एक खूण शंभर टक्के भरवशाची नसते. म्हणून दोन-चार खुणा एकत्र वाचतात आणि रुग्णाचे वय, लक्षणे, स्कॅन यांच्याशी ताडून पाहतात.

तिसरा प्रश्न उपचाराचा, आणि त्याचे ठळक उदाहरण स्तनाचा कर्करोग. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात त्याचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आढळले. या गाठीत ईआर, पीआर आणि हर-2 या तीन खुणा पाहतातच. ईआर किंवा पीआर असेल तर गाठ स्त्री-संप्रेरकांवर पोसली जाते. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घेतल्या तर रोग उलटण्याची शक्यता बरीच घटते. हर-2 चा निकाल 0, 1+, 2+ आणि 3+ असा देतात. 3+ असेल तर 1998 पासून वापरात आलेले आणि आता भारतीय कंपन्याही बनवत असलेले ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडते. 2+ हा निकाल धड इकडचा ना तिकडचा. तेव्हा 'फिश' ही तपासणी करून पेशीत हर-2 जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का ते मोजतात. तिन्ही खुणा नसलेल्या गाठीला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिला ही दोन्ही औषधे लागू पडत नाहीत. केमोथेरपीवर भर द्यावा लागतो आणि बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवली जाते.

फॉर्मालिनमधल्या दिरंगाईची किंमत इथे कळते. तुकडा खराब झाल्यामुळे ईआर नाही असा अहवाल आला, तर एखाद्या बाईला लागू पडणारी, स्वस्त आणि रोज घरी घेता येणारी गोळी मिळतच नाही.

जनुकांतले बिघाड

प्रथिनांच्या मागे जनुके असतात. 1960 मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगात एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र सापडले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते, हे पुढे उमगले. त्याच्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब 2001 मध्ये आले. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटचा दावा फेटाळल्याने भारतात त्याची जेनेरिक औषधे मिळत राहिली. आता रक्ताच्या नमुन्यावर पीसीआर करून हे जोडजनुक शोधतात आणि उपचार सुरू झाल्यावर ते किती घटले हेही मोजतात.

फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआर जनुकातला बदल भारतात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत आढळतो आणि त्यावर गोळ्या आहेत. पण फुप्फुसातला तुकडा इवलासा असतो. अनावश्यक खुणा तपासण्यात तो संपला तर जनुकांसाठी काही उरत नाही. एकाच वेळी अनेक जनुके वाचणारी एनजीएस पद्धत इथे कामी येते. मेंदूच्या काही गाठींची नावेच आता जनुकांवरून ठरतात: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातील बदलाला स्थान मिळाले आणि 2021 च्या आवृत्तीत ते आणखी पक्के झाले.

रेणूंची तपासणी ही केवळ शहरी चैन नाही, हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातच सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या स्रावात एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी एकदाच झालेल्या गटात, नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या गटाच्या तुलनेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. 2009 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

खुणांच्या मर्यादा

प्रत्येक गाठीला खुणांची जंत्री लागत नाही. गुटखा, तंबाखू-चुना आणि मिसरी यांमुळे खानदेशातही आढळणारा तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा साध्या रंगांतच स्पष्ट दिसतो. तिथे गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, कडा मोकळ्या आहेत का आणि मानेच्या गाठींत पसरली आहे का, यांवर पुढची दिशा ठरते. एचपीव्हीशी जोडलेली पी16 ही खूण मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाजवळच्या कर्करोगासाठी विचारतात.

रक्तातल्या सीए-125, सीईए, पीएसए या खुणांबाबतही गल्लत होते. क्षयात, मासिक पाळीत किंवा प्रोस्टेटच्या साध्या वाढीतही त्यांचे आकडे चढू शकतात. निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यात त्या उपयोगी पडतात. पण निरोगी माणसाने पॅकेजमध्ये करून घेतलेल्या अशा तपासणीवरून कर्करोग आहे किंवा नाही असा निवाडा करता येत नाही.

आयएचसी वाचणे हेही माणसाचेच काम आहे. गाठीची वाढ दाखवणाऱ्या केआय-67 चा आकडा तर दोन जाणकारांच्या मोजणीत वेगळा येऊ शकतो. म्हणून अवघड गाठींच्या स्लाईड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्याची पद्धत आहे. टाटा मेमोरियलसारखी रुग्णालये बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाईड आणि ब्लॉक मागवून पुन्हा तपासतात. देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांत एकसारखा दर्जा असावा म्हणून 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड स्थापन झाली आहे.

रुग्णाच्या घरच्यांनी यातून दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारावे की तुकडा कशात आणि किती वेळात लॅबला पोहोचणार आहे. अहवालासोबत ब्लॉकचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि मुंबई-पुण्याला जाताना नुसता कागद न नेता स्लाईड आणि ब्लॉकही मागून घ्यावेत. नाहीतर तुकडा दुसऱ्यांदा काढण्याची वेळ येते. काढलेली गाठ, ती साधी वाटली तरी, तपासणीशिवाय कधीही टाकून देऊ नये.