चित्रकाराचे शील आणि शाईचा डोंगर

आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे पाहताना त्यांचे विरक्त जगणे बाजूला ठेवणे मराठी रसिकाला बहुधा जमत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार असूनही कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याकाठी एकटे राहिले, आणि १९२२मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रे त्याच तळ्यात सोडली, अशी आख्यायिका आहे. माणूस निर्मळ म्हणून चित्र निर्मळ, ही समजूत आपल्याकडे आठवणींच्या आधारे टिकली. चीनमध्ये तिचे शास्त्र झाले.

तेथील ‘वनरन’, म्हणजे अधिकारपदाच्या परीक्षांसाठी ग्रंथ पचवलेला विद्वान वर्ग, चित्रकलेला आत्मसंस्कार मानी आणि पोटासाठी रंगवणाऱ्या कसबी चित्रकाराला खालच्या पायरीवर बसवी. अकराव्या शतकातील कुओ रुओश्यू याच्या मते ‘छी-युन’, म्हणजे चित्रातले चैतन्य, शिकून येत नाही. ते जन्मजात असते आणि माणसाच्या योग्यतेइतकेच उंच जाते. या मताला साधनांचेही बळ होते, कारण लिहिण्याचा व रंगवण्याचा कुंचला एकाच जातीचा आणि शाई कागदात लगेच मुरणारी, त्यामुळे चुकलेला फटकारा झाकायला वाव नसे. शेलू-नेरळकडे आषाढात माथेरानच्या डोंगराची कंबर ढगात बुडते, तेव्हा जे. जे.च्या वळणाचा जलरंगकार तेथे पातळ करडा थर देईल. वनरन चित्रकार बहुधा कागद कोराच ठेवील आणि सारा भार मोजक्या रेषांवर टाकील.

या आदर्शाचे टोक म्हणजे नी त्सान (१३०१–१३७४). श्रीमंत घरात जन्मलेल्या या चित्रकाराने संपत्ती वाटून टाकली आणि ताय सरोवराच्या परिसरात नावेतून भटकत दिवस काढले. त्याच्या चित्रांत अलीकडे चार-सहा विरळ झाडे व रिकामा मंडप, मध्ये पाणी, पलीकडे ठेंगणे डोंगर, आणि माणूस जवळजवळ कधीच नाही. अंगणातली झाडेसुद्धा तो धुऊन घेई, असे सांगतात; सोवळ्याचा हा अतिरेकही भक्तांनी त्याच्या कोरड्या, फिक्या रेषेत वाचला.

त्याला फार वरचे स्थान देणाऱ्या तुंग छी-छांग (१५५५–१६३६) या थोर मीमांसकाचे घर मात्र १६१६मध्ये त्याच्या कुटुंबाच्या जुलमाने चिडलेल्या जमावाने जाळले, आणि तरीही त्याच्या चित्रांची प्रतिष्ठा ढळली नाही. शील रेषेत उतरते हा सिद्धांत येथे अडखळतो, कारण नी त्सानची रेषा गिरवता येते आणि तुंगने ती उत्तम गिरवली. मिंग काळात तर च्यांगनान प्रदेशातील घराणी सुसंस्कृत की गावंढळ, हे त्यांच्या संग्रही नी त्सानचे चित्र आहे की नाही यावरून ठरू लागले, आणि संपत्ती सोडून गेलेल्या माणसाची चित्रे श्रीमंतांनी चढ्या भावाने विकत घेतली.