गोळी पोटात जाते, पण बाहेर कशी पडते?

आजचा विषय घरातूनच मिळाला. परंड्यातलं ऊन तुम्हाला माहितीये. अण्णा रानातून दुपारी आले ते कंबर धरूनच. म्हणाले, "सकाळच्या गोळीचा असर उतरला, अजून एक दे." मी पाकीट उलटं करून वाचलं: अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल.

आता असर उतरला म्हणजे औषध शरीरातून गेलं का? तर नाही. औषध हळूहळू कमी होतं. आधी अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं. पॅरासिटामॉल अर्ध्यावर यायला साधारण दोन-तीन तास लागतात. अशा पाच फेऱ्यांनंतर जेमतेम ३ टक्के उरतं.

हे काम मुख्यतः दोघं करतात. यकृत, म्हणजे लिव्हर, औषध मोडून पाण्यात विरघळेल असं करतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. थोडं पित्तावाटे संडासातूनही जातं. शुगरची मेटफॉर्मिन तर लिव्हरमध्ये बदलतच नाही, तिचा भार किडनीवरच.

औषध नीट बाहेर पडलं नाही तर काय होतं, हे गिधाडांनी दाखवलं. गुरांना डायक्लोफेनॅक द्यायचे. औषध अंगात असतानाच जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. देशातली बहुतेक गिधाडं अशीच संपली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. पण गायीच्या शरीरात अॅसिक्लोफेनॅकचंच डायक्लोफेनॅक बनतं! म्हणून २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद केलं.

माणूस म्हणजे गिधाड नाही. आपलं शरीर ही औषधं बऱ्यापैकी बाहेर काढतं. पण उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं, की किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. तेव्हा शरीर काही रसायनं बनवून किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतं. या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच रसायनं अडवतात. म्हणजे जी किडनी औषध बाहेर काढणार, तिलाच औषध दाबतं. त्यात अण्णांना बीपीची गोळी चालू. काही बीपीच्या गोळ्यांसोबत हा धोका अजून वाढतो.

मी दुसरी गोळी दिली नाही. सावलीत बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ही गोळी दिवसातून दोनदाच, बारा तासांच्या अंतरानं, तीही जेवल्यावर. आणि बीपीची गोळी दाखवायला घेऊन या." अण्णा चिडले, पण थांबले.

तुम्ही एवढंच करा: घरातल्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि नवीन गोळी घेण्याआधी डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला दाखवा. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली, तर थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र मनानं बंद करू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी प्या!