रिक्षा जाते का?

मुंबईत साकीनाक्याच्या सिग्नलपासून अंधेरी-कुर्ला रस्ता सोडून आत वळलं, की कशाला रस्ता म्हणायचं हा प्रश्न दर पन्नास पावलांवर नव्याने पडतो. तोंडाशी टेम्पोतून माल उतरत असतो. थोडं पुढे रिक्षा जेमतेम जाते, त्यापुढे हातगाडी, त्यापुढे फक्त स्कूटर. आणि शेवटी समोरून कुणी पाण्याचा कॅन घेऊन आलं, तर अंग चोरून भिंतीला टेकावं लागतं. रोज ये-जा करणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. पण हे सगळं नकाशावर काढायचं, तर रस्ता कुठे संपला आणि पायवाट कुठे सुरू झाली याचा निर्णय कुणाला तरी घ्यावा लागतो. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशावर हा निर्णय बहुधा एखादा बिनपगारी हौशी माणूस घेतो.

हा नकाशा २००४ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सुरू केला. तेव्हा ब्रिटनच्या सरकारी नकाशांची माहिती विकत घ्यावी लागे, म्हणून लोकांनी स्वतः हिंडून आपला नकाशा करावा, अशी ती कल्पना. आज जगभरात त्याचे एक कोटीहून जास्त नोंदणीकृत सदस्य आहेत. त्यातले प्रत्यक्ष काम करणारे अर्थातच फार थोडे. श्रेय दिलं की ही माहिती कुणालाही वापरता येते. विकिपीडियाच्या लेखांतले नकाशे, इंटरनेट नसताना चालणारी ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारखी अॅप्स या माहितीवर उभी आहेत; अॅपल आणि मेटाही ती वापरतात.

कामाची रीत साधी आहे. पडद्यावर बिंदू टाकायचे, बिंदू जोडून रेषा काढायची आणि त्या रेषेला टॅग लावायचे. रेषा म्हणजे नुसती रेघ. ती गटार आहे, कुंपण आहे की रस्ता, हे टॅग सांगतात. वाटेसाठीच्या मुख्य टॅगचं नाव ‘हायवे’. ब्रिटिश कायद्याच्या भाषेत कुठलीही सार्वजनिक वाट हायवेच असते, आणि प्रकल्प तिथे जन्मल्याने तो शब्द जगभराच्या माथी बसला. त्यामुळे साकीनाक्याजवळच्या जरीमरी वस्तीतली तीन फुटी गल्लीसुद्धा विदागारात ‘हायवे’ म्हणूनच नांदते, पुढे फक्त ‘फूटवे’ असा तपशील येतो.

खरी कसोटी त्या तपशिलात आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांना कुठला दर्जा द्यायचा, याचे संकेत भारतीय स्वयंसेवकांनी ठरवले आहेत. शहराच्या आत मात्र रस्त्याचं महत्त्व तारतम्याने जोखावं लागतं. अंधेरी-कुर्ला रस्ता वरच्या पायरीचा, यावर वाद नाही. साकी विहार रोड पवईकडे वाहतूक नेतो, तोही मोठा. पण खैरानी रोडचं काय? रुंदी बेताची, दोन्ही बाजूंना गाळे आणि गोदामं, आणि तरी ट्रक-टेम्पोंची अखंड रांग. नवख्या माणसाला वाटतं, आपला रस्ता नकाशावर जाड आणि रंगीत दिसावा, म्हणून तो त्याला सरळ बढती देतो. जुने लोक बजावतात, की चित्र सुंदर दिसावं म्हणून टॅग लावायचा नाही. कारण मार्ग शोधणारी अॅप्स याच दर्ज्यावरून वाहनं वळवतात. चुकीच्या बढतीपायी एखाद्या अरुंद गल्लीत गाड्या येऊन अडकू शकतात.

आणि गल्ल्यांत शिरल्यावर परदेशात बनलेली वर्गवारी तोकडी पडते. ‘रेसिडेन्शियल’ म्हणावं तर खाली वेल्डिंग चालू असतं आणि वर बिऱ्हाड. ‘सर्व्हिस’ म्हणावं तर शेकडो घरांचा तोच एक मुख्य रस्ता. अशा वेळी पुस्तकी व्याख्येपेक्षा ‘रिक्षा जाते का?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. जात असेल तर गाडीरस्ता. नसेल तर पायवाट, आणि वरून दुचाकीला मुभा असल्याची नोंद.

घरबसल्या हे कळत नाही. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली बिंग उपग्रहचित्रं या कामासाठी खुली केली, त्यामुळे पवईच्या सोसायट्या किंवा चांदिवलीचे रस्ते खुर्चीत बसून काढता येतात. वस्तीच्या चित्रात मात्र दिसतात पत्रे आणि निळी ताडपत्री. वरचे मजले पुढे आलेले, म्हणून खालची गल्ली दिसतच नाही. शिवाय चित्र खऱ्या जागेपासून काही मीटर सरकलेलं असू शकतं. ते आधी जुळवून घेतलं नाही, तर रस्ता लोकांच्या घरांतून जातो. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून उतरवायला सक्त मनाई आहे, मग तो फोनमध्ये कितीही हाताशी असो. म्हणजे उरले ते पाय.

पायी फिरणाऱ्याच्या हातात फोन असतो. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं अॅप त्याला त्या जागेवर उभं करून प्रश्न विचारतं: इथे डांबर आहे, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक? जिन्याला कठडा आहे का? उंच इमारतींच्या मध्ये आणि मेट्रोच्या पुलाखाली जीपीएसचा बिंदू मात्र इकडून तिकडे उड्या मारतो, त्यामुळे फोनवर विसंबण्यापेक्षा कोपऱ्यावरची मशीद, देऊळ, शौचालय अशा खुणा धरून चालणं बरं.

पण गल्लीत फोन घेऊन थबकत चालणारा माणूस लपत नाही. “सर्वे है क्या? एसआरए का?” हा प्रश्न ठरलेला. एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. इथे सर्वे म्हणजे घर राहणार की जाणार याचा निकाल. विमानतळाच्या भिंतीलगतच्या वस्त्यांनी पुनर्वसनाची चर्चा वर्षानुवर्षं ऐकली आहे. अशा ठिकाणी ‘आम्ही मोफत नकाशा बनवतो’ हे उत्तर कुणाला पटकन पटत नाही, आणि न पटण्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणूनच वस्तीतलाच एखादा कॉलेजचा मुलगा हे काम करू लागला, तर ते दसपट सोपं जातं. कुठली गल्ली मिठी नदीवर जाऊन थांबते, कुठली विमानतळाच्या भिंतीवर, हे त्याला विचारावं लागत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. अंधेरी-कुर्ला रस्त्याचं अधिकृत नाव मथुरादास वसनजी मार्ग. रिक्षावाल्याला ते सांगून पाहावं. सुदैवाने अधिकृत नाव, बोलीतलं नाव, जुनं नाव यांना वेगवेगळे टॅग आहेत, आणि मराठीसाठी ‘नेम:एमआर’ हा स्वतंत्र खण. भारतात मुख्य खणात बहुतेक ठिकाणी इंग्रजी नाव असतं. मराठीचा खण कुणी भरला तरच भरतो. पाटी समोर असताना तो रिकामा ठेवणं हा निव्वळ आळस.

मेट्रोची गंमत आणखी निराळी. ८ जून २०१४ला सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो इथे रस्त्याच्या डोक्यावरून जाते. कागदावर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, पण त्यांचा बिंदू सामायिक असता कामा नये. पुलाला वरचा थर द्यायचा. उलट दोन गल्ल्या खरोखर मिळत असतील, तर बिंदू सामायिक हवाच. केसभर फट राहिली तरी अॅपला तिथे वळण सापडत नाही. अशा फटी हुडकणारी तपासयंत्रं आहेत, आणि त्यांची यादी पाहून साकीनाक्याची गल्ली जर्मनीतला कुणीही जोडू शकतो. कधी तो बरोबर जोडतो. कधी मध्ये भिंत असते.

मग चर्चा होते. प्रत्येक बदलाला शेरा जोडायचा असतो, त्या शेऱ्याखाली इतरांना प्रश्न विचारता येतात आणि जुनी प्रत परत आणता येते. नवखा माणूस नकळत एक बिंदू ओढून अख्खा रस्ता वाकडा करतो. कुणीतरी तो गुपचूप सरळ करून ‘स्वागत आहे’ असं लिहितो. सगळेच इतके सौम्य नसतात. दर्ज्यावरून रस्ता वर-खाली करण्याचे खेळ आठवडेच्या आठवडे चालू शकतात.

एवढा खटाटोप कशासाठी? डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईत लोकांनी याच नकाशावर पाण्याखाली गेलेले रस्ते खुणावले होते. मिठीकाठच्या वस्तीला ते उदाहरण परकं नाही. १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे खैरानी रोडवर फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागून १२ कामगारांचा जीव गेला. नकाशाने ती आग टळली असती, असं म्हणणं खोटं ठरेल. पण कुठल्या वाटेने किती मोठी गाडी आत जाऊ शकते, ही माहिती अशा भागात कामाची नाही, असं कोण म्हणेल?

त्यासाठी रुंदीचाही टॅग आहे, आणि तो भरणं सर्वांत कटकटीचं. टेप लावायची तर भिंतीपासून भिंतीपर्यंत की पाण्याच्या पिंपापासून समोरच्या लोखंडी जिन्यापर्यंत? पहिलं माप सात फूट, दुसरं साडेचार. गाडीला उपयोगी दुसरंच. म्हणून तेच मीटरमध्ये लिहायचं आणि शेऱ्यात पिंपाचा उल्लेख करायचा.