नटाला कुलूप

‘कुलूप सज्जनासाठी, चोराला कसले कुलूप?’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. त्यात तथ्य आहे. लंडनमधील जोसेफ ब्रामा याच्या दुकानात एक कुलूप, ‘उघडील त्यास 200 गिनी’ अशा आव्हानासह, कित्येक वर्षे टांगलेले होते. 1851 साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. पण त्याला एकूण 51 तास खपावे लागले. यावरून आम्ही इतकेच समजतो की, कुलूप चोराला कायमचे अडवीत नाही, ते त्याच्याकडून वेळ मागते. आणि रात्रीच्या चोरापाशी वेळच तर नसतो!

हा विचार केनवडच्या शिवाराला लावून पाहू. सोयाबीन निघाले आणि हरभरा पेरला की पाण्याची गरज लागते. 2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीचा 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास 5 टक्के हिस्सा भरून पंप मिळतो. त्याच्या प्लेटा उघड्या रानात, वस्तीपासून दूर असतात. त्या ज्या सहा बाजूंच्या नटांनी आवळलेल्या असतात, ते सोडवायला कोणाचाही साधा पाना पुरतो. शिवाय या प्लेटा एका माळेत जोडलेल्या असतात. एक काढून नेली की प्रवाह तुटतो, पंप थांबतो आणि ऐन फुलोऱ्यातला हरभरा तहानलेला राहतो.

यावर उपाय तीन. पहिला, तुटत्या मानेचा नट. ठरावीक जोराने आवळला की त्याचा षट्कोनी भाग मोडून पडतो व गुळगुळीत शंकू उरतो. पाना धरायला जागाच राहत नाही. दुसरा, विशिष्ट आकाराच्या खाचेचा नट; तो त्याच्या चावीनेच फिरतो. तिसरा गावच्या लोहाराचा: बोल्टाचे टोक ठोकून पसरविणे. मात्र पहिल्या व तिसऱ्या उपायात दुरुस्तीच्या वेळी बोल्ट कापावा लागतो. म्हणून प्रत्येक प्लेटेला निदान एक चावीचा नट बसवावा आणि चावी पंपाच्या पेटीत न ठेवता घरी ठेवावी. आत नायलॉनचे कडे असलेला नट हादऱ्याने ढिला होत नाही, पण चोराला रोखीत नाही. त्यावर विसंबू नये.

प्रत्येक प्लेटेवरील क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. चोरी झालीच, तर पोलिसांत तक्रार देताना आणि विमा मागताना तोच कामी येतो.

अखेरीस एक गोष्ट सांगावीशी वाटते. खास नट चोराचा अर्धा तास खाईल. परंतु त्या अर्ध्या तासात कोणी जागेच नसेल, तर तो वेळ फुकट गेला. पिकाच्या राखणीसाठी आपले लोक रानात जागल करीत आले आहेत. शेजाऱ्यांनी पाळीपाळीने ती पुन्हा सुरू केली, तरच लोखंडाने मिळवून दिलेला वेळ सार्थकी लागेल.