आलेखाची कीर्द

जुन्या पेढीवर ताळेबंद कितीही नेटका मांडलेला असला, तरी त्याचा खरेखोटेपणा कीर्द उघडल्यावरच ठरे. कोणती रक्कम कोणत्या दिवशी आली, कोणाला गेली, कोणत्या खात्यावर टाकली, हे कीर्दीत ओळीने लिहिलेले असे आणि ताळेबंद त्यातूनच निघे. पावसाचे, महागाईचे, रुग्णसंख्येचे, मतांच्या टक्केवारीचे जे आलेख आज रोज आपल्यासमोर येतात, तेही एका परीने ताळेबंदच आहेत. शेकडो आकडे गाळून, जोडून, मापात बसवून त्यांचे एक चित्र केलेले असते. त्या चित्रामागची कीर्द मात्र सहसा कोणी ठेवत नाही. माउसने चार ठिकाणी क्लिक केले, आलेख उमटला, चित्र कापून लेखात चिकटवले, आणि ते कसे घडले याची खूण तिथेच पुसली गेली. आलेख काढण्याची एक जुनी, दिसायला रुक्ष रीत या बाबतीत उजवी ठरते: चित्र हाताने न जुळवता संगणकाला लेखी आज्ञा देऊन ते काढून घेणे.

या रीतीचे ठळक उदाहरण म्हणजे ग्नूप्लॉट. टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये हा प्रोग्राम लिहिला. विद्युतचुंबकत्व आणि अवकल समीकरणे शिकताना कागदावरची सूत्रे डोळ्यांना दिसावीत, ही त्यामागची गरज होती. नावात ‘ग्नू’ असले तरी त्या नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातून तो निघालेला नाही. एकाला ‘लामाप्लॉट’ नाव हवे होते, दुसऱ्याला ‘एनप्लॉट’, आणि तडजोडीतून हे तिसरेच ठरले. तो फुकट मिळतो, आणि त्याची सहावी आवृत्ती २०२३ च्या डिसेंबरात आली. उघडल्यावर पडद्यावर बटणे नसतात, फक्त आज्ञेची वाट पाहणारी एक ओळ असते. तिथे ‘प्लॉट’ हा शब्द, पुढे आकड्यांच्या फाइलचे नाव, मग ‘यूझिंग १:२’ आणि ‘विथ लाइन्स’ असे रोमन लिपीत टाइप केले, की पहिला स्तंभ आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर घेऊन बिंदू रेषेने जोडले जातात. शीर्षक, अक्षांची नावे, रंग, माप, प्रत्येकासाठी एकेक आज्ञा. या आठ-दहा ओळी एका साध्या फाइलमध्ये साठवल्या, की तीच त्या आलेखाची कीर्द. पुढच्या वर्षी नवे आकडे आले, तर तीच फाइल पुन्हा चालवायची.

एवढी काटेकोर नोंद हवीच कशाला, हे कळण्यासाठी आलेखाची ताकद आधी लक्षात घ्यावी लागते. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रत्येकी ११ जोड्यांचे चार आकडेसंच मांडले. चारही संचांत आडव्या आकड्यांची सरासरी ९, उभ्यांची सुमारे ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२, बिंदूंमधून जाणारी सर्वांत जवळची सरळ रेषाही एकच. कोष्टकात पाहिले तर चौघे भाऊ जुळे. आलेख काढला की पहिल्यात बिंदू रेषेच्या आसपास विखुरलेले, दुसऱ्यात स्पष्ट कमान, तिसऱ्यात एका चुकार बिंदूने वाकडी केलेली सरळ रेषा, आणि चौथ्यात एक वगळता सारे बिंदू एकाच उभ्या रांगेत. सरासरीने झाकलेले चित्राने उघड केले. पण जे चित्र इतके उघड करू शकते ते तितकेच झाकूही शकते, म्हणून ते कसे काढले हे तपासता आले पाहिजे.

२००५ च्या जुलैतला मुंबईचा पाऊस घ्या. २६-२७ जुलैच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला सुमारे ७३. सांताक्रूझचा त्या महिन्याचा रोजचा पाऊस स्तंभांनी दाखवायचा झाला, तर एक स्तंभ ताडासारखा वर जाणार आणि बाकीचे त्याच्या पायाशी गवतासारखे दिसणार. मग काय करायचे? उभा अक्ष लॉग प्रमाणात, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या दहापट धरून घ्यावा, तर लहान स्तंभ वर येतात, पण प्रलय बुटका भासतो. शिवाय कोरड्या दिवसाचे शून्य त्या अक्षावर मावतच नाही. अक्ष २०० वर तोडावा, तर त्या दिवसाचे खरे माप हरवते. तो दिवसच वगळावा, तर उरतो तो दुसराच जुलै. यातला प्रत्येक पर्याय कुठल्या ना कुठल्या प्रश्नासाठी योग्य असू शकतो, पण प्रत्येक पर्याय हा निर्णय आहे. आज्ञावलीत तो ‘सेट लॉगस्केल वाय’ किंवा ‘सेट वायरेंज’ अशा एका ओळीत लिहिलेला राहतो.

माणसाच्या निर्णयांइतकेच यंत्राचे अंदाजही धोक्याचे असतात. स्प्रेडशीट मदतीच्या उत्साहात न विचारता अर्थ लावते. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट २’ अशी जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकी. २०१६ च्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पंचमांशांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. ग्नूप्लॉटला उलट बजावून सांगावे लागते, की आडव्या अक्षावर तारखा आहेत आणि दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिल्या आहेत. हे कटकटीचे वाटते खरे, पण त्या कटकटीमुळेच गृहीत काय धरले ते कागदावर येते. दुसरे उदाहरण अर्थशास्त्रातले. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ खुंटते, असे सांगणारा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा निबंध २०१० मध्ये आला आणि काटकसरीच्या धोरणांसाठी पुढे केला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी टॉमस हर्नडन याने मूळ एक्सेल फाइल मागवून पाहिली, तेव्हा एका सूत्रातून पाच देश सुटलेले आढळले. ही चूक, वगळलेली काही वर्षे आणि सरासरीची पद्धत यांचा हिशेब नव्याने केल्यावर ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. कीर्द उघडायला तीन वर्षे लागली.

यावर पहिला आक्षेप सोपा आणि खरा आहे: हे शिकायला अवघड आहे, स्प्रेडशीट दोन क्लिकमध्ये आलेख देते. एकदाच पाहून टाकून द्यायच्या आलेखासाठी स्प्रेडशीटच बरी. पण महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे ३६ आलेख, सगळ्यांचा अक्ष एकाच मापाचा, आणि दर महिन्याला नव्याने, असे काम आले की क्लिकची सोय हमाली होते. आज्ञावलीत तेच काम एका आवर्तनात उरकते. कोणी म्हणेल, पायथन आणि आर या भाषांत याहून देखणे आलेख निघतात. निघोत, आग्रह लिहून काढण्याच्या रीतीचा आहे, ग्नूप्लॉटचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आज्ञा देऊनही खोटा आलेख काढता येतोच. उभा अक्ष शून्याऐवजी ९५ पासून सुरू करून किरकोळ चढाची दरड करता येते. ‘स्मूथ’ शब्द वापरून बिंदूंना न शिवणारी गुळगुळीत रेषा ओढता येते. हे मान्यच करायला हवे, कारण लेखी नोंद कोणाला प्रामाणिक बनवत नाही. पण खोट्या नोंदीची कीर्दही पकडायला उपयोगी पडते. कीर्दच नसेल तर पकडायचे कशात? मग शेवटची शंका उरते: सामान्य वाचक या ओळी वाचणार थोडाच! पेढीची कीर्दही गावातला प्रत्येकजण वाचत नसे. एखादा जाणकार कधीही वाचू शकतो, एवढ्या जाणिवेनेही लिहिणाऱ्याचा हात सावध राहतो.

आलेखाखाली बारीक अक्षरात ‘स्रोत’ म्हणून एखाद्या संस्थेचे नाव छापले की जबाबदारी संपली, अशी आपली समजूत आहे. त्या नावावरून आकडे कुठून आले ते कळते, त्यांचे पुढे काय केले ते कळत नाही. आकड्यांची फाइल आणि आज्ञांची फाइल, दोन्ही मिळून बहुधा एखाद्या छायाचित्राहूनही लहान भरतात. आलेख प्रसिद्ध करणाऱ्या कार्यालयाने, संशोधकाने किंवा वृत्तपत्राने त्या सोबत ठेवाव्यात, ही मागणी मोठी नाही. पेढीवर कीर्द दाखवा म्हणणारा उद्धट ठरत नसे. न दाखवणाऱ्याकडेच लोक संशयाने बघत.